मौजे वेइनखार्डेन उर्फ सिंट याकोबीपारोखी

शुक्रवार : डॉर्ड्रेख्ट ते बिल्ट

आमच्याकडे डॉर्ड्रेख्टला पाहुणे आले की कार्यक्रम ठरलेला असतो. किंडरडाइकच्या पवनचक्क्या, अ‍ॅमस्टरडॅमचे कालवे, मोसम असला तर ट्यूलिपची बाग. बाबांचं हे सगळं गेल्या खेपेलाच बघून झालं होतं. या वेळी त्यांनी विमानतळावरून घरी येतानाच सांगून टाकलं, ‘‘मला शेतं दाखवा. आणि जिथे एसटी येऊन परत फिरते, तसलं एखादं गाव.’’

बाबांची सगळी नोकरी मोजणीखात्यात गेली. साताऱ्या-सांगलीकडची शिवारं त्यांनी साखळी घेऊन पायाखाली घातली आहेत. असल्या माणसाला कुठे न्यायचं, हे निखिलने चुटकीसरशी ठरवलं: फ्रिसलंड प्रांताच्या वायव्य टोकाचा ‘बिल्ट’ नावाचा भाग. पाचशे वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. तो आटवून शेतं काढायला जे लोक गेले, ते आमच्याच भागातून, म्हणजे दक्षिण हॉलंडमधून गेले होते. आणि जाताना आपल्या गावांची नावं बरोबर घेऊन गेले होते.

वाटेत आफस्लाउटडाइकवर थांबलो. हा 32 किलोमीटरचा समुद्रबांध 28 मे 1932 रोजी पुरा जोडला गेला. त्यामुळे एका हाताला खारा वाडन समुद्र आणि दुसऱ्या हाताला गोड्या पाण्याचं आयसलमेअर. वारा असा की गाडीचं दार उघडायला दोघं लागले. बाबांनी मफलर कानावरून बांधला आणि बांधाचा उतार किती असेल याचा अंदाज करत बराच वेळ उभे राहिले. मी गाडीत बसून थर्मासमधला चहा संपवला.

बांध संपला की फ्रिसलंड. पाट्यांवर गावांची नावं दोनदोन दिसायला लागतात, एक डच आणि एक फ्रिजियन. लीउवार्डनच्या जोडीला ल्यौवर्ट. फ्रिजियन ही या देशातली दुसरी अधिकृत भाषा आणि हा मान काही सुखासुखी मिळालेला नाही. 16 नोव्हेंबर 1951 रोजी लीउवार्डनच्या कोर्टापुढे फ्रिजियन बोलू देण्यावरून जमाव आणि पोलिसांची चकमक झाली, पोलिसांनी दंडुके चालवले, तेव्हा कुठे सरकार हललं. 1956 पासून कोर्टात फ्रिजियन बोलता यायला लागलं. बाबांनी ही गोष्ट ऐकून नुसतं ‘हं’ केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी ते शाळेत होते.

फ्रानेकर वाटेवरच होतं, म्हणून आइझिंगाची तारांगण-खोली बघितली. आइझे आइझिंगा हा लोकर विंचरणारा माणूस. 1774 साली ग्रह एकमेकांजवळ येणार म्हणून जगबुडीची आवई उठली, तेव्हा लोकांची भीती घालवायला त्याने आपल्या बैठकीच्या छतावर सूर्यमाला बांधायला घेतली आणि 1781 मध्ये पुरी केली. लाकडी चाकं, हाताने केलेले खिळे, लंबकाचं घड्याळ, अजून चालते. 2023 मध्ये तिला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. छतावर शनी आहे, पण युरेनस नाही, कारण त्याचा शोधच 1781 चा. अर्धा तास पुरतो, पण मान दुखते.

मुक्काम आउदेबिल्टडाइकवरच्या एका शेतघरात होता. ‘डाइक’ म्हणजे बांध. गाडीतून उतरल्यावर बाबांनी चहूकडे बघून विचारलं, ‘‘बांध कुठाय?’’

‘‘बाबा, तुम्ही बांधावरच उभे आहात.’’

खरंच कळत नाही. 1505 साली घातलेला हा बांध आज एक लांबच लांब रस्ता आहे, सुमारे 14 किलोमीटरचा. त्याच्या कडेने घरं, बागा, ट्रॅक्टर. समुद्र पुढे आणखी भराव टाकून कधीच लांब ढकलला गेला. 1600 साली त्याच्याबाहेर नवा बांध आला. जुना बांध मग निवृत्त झाला. हे शेवटचं वाक्य बाबांचं.

घरमालकीणबाई सत्तरीच्या. आम्ही आपापसात त्यांना काकू म्हणायला लागलो आणि तेच नाव शेवटपर्यंत राहिलं. आमच्याशी डच बोलायच्या आणि नवऱ्याशी भलतंच काही. मला डच बऱ्यापैकी येतं, फ्रिजियन कानावरून गेलेली आहे, पण हे दोन्हीत बसेना. विचारलं तर म्हणाल्या, ‘‘हे बिल्टी.’’ सोळाव्या शतकात हॉलंडहून आलेल्या बांधकरी मजुरांची बोली आजूबाजूच्या फ्रिजियनमध्ये मुरली, तिची ही भाषा. चहूबाजूंनी फ्रिजियन आणि मध्ये हे बेट. ‘‘फ्रिजियन लोक आम्हाला आपल्यातले मानतात का, हे आम्ही अजून विचारलेलं नाही,’’ असं म्हणून काकू हसल्या.

शनिवार : सिंट याकोबीपारोखी

न्याहारीला साखरपाव. गव्हाच्या पावात साखरेचे खडे आणि दालचिनी, वर लोण्याचा जाड थर. बाबांनी लोणी खरवडून बाजूला काढलं, चव घेतली, मग परत लावलं.

सायकली शेतघरातच मिळाल्या. बाबा मोजणीला सायकलवरूनच जायचे, त्यामुळे त्यांची काळजी नव्हती, वाऱ्याची होती. निघालो तेव्हा वारा पाठीवर होता आणि आम्हाला वाटत होतं की आपली तब्येत चांगली आहे.

बिल्टचा नकाशा हातात घेतला की पट्टीने रेघा मारल्यासारखा दिसतो आणि प्रत्यक्षातही तसाच आहे. बाजूच्या जुन्या फ्रिसलंडात रस्ते वळणावळणाचे, शेतं वेडीवाकडी, गावं मातीच्या उंचवट्यांवर, कारण तिथे भरतीचं पाणी दोन हजार वर्षं येत-जात होतं आणि लोक उंचवटे करून राहत होते. इथे मात्र मिडलझे नावाची खाडी गाळाने भरत आली आणि कोऱ्या कागदासारखी जमीन वर आली. तिच्यावर एकाच सरळ रस्त्यालगत तीन गावं बसवली. बाबा एका चराच्या कडेला थांबले, शेताची रुंदी पावलांनी मोजून आले आणि म्हणाले, ‘‘एकाही पोटहिश्शाचा वाद नसणार इथे.’’ नोकरीभर तेच ऐकलेल्या माणसाच्या तोंडून ही मोठीच दाद होती.

बटाट्याला फुलं आलेली होती. बिल्टमध्ये मुख्यतः बेण्याचा बटाटा होतो. कारण काकूंच्या यजमानांनी सांगितलं: समुद्रावरून सतत वारा असतो, वाऱ्यात मावा ही कीड बसत नाही, आणि मावा नाही तर विषाणूरोग नाही. आपल्याकडे मंचर-खेडचे बटाटेवाले बेणं पंजाबातून आणतात, हे बाबांनी त्यांना माझ्यामार्फत कळवलं. मग त्या दोघांची जी गट्टी जमली, तिला दुभाष्याची गरजच उरली नाही. एक जण माती दाखवायचा, दुसरा ती बोटांत चोळून मान हलवायचा. बिंट्ये या जगप्रसिद्ध बटाट्याची गोष्टही तिथेच कळली. तोही फ्रिसलंडचाच, पण पूर्वेकडच्या सुमार गावचा. कोर्नेलिस द फ्रीस या शाळामास्तरांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बटाट्याचे नवे वाण काढायचा नाद होता आणि नावं ते आपल्या विद्यार्थ्यांची द्यायचे. बिंट्ये यान्स्मा त्यांच्या वर्गातली मुलगी. बेल्जियमच्या तळलेल्या बटाट्यांच्या काड्या अर्ध्या जगाने खाल्ल्या, त्या तिच्या नावाने.

सिंट याकोबीपारोखी हे दोन हजारांच्या आतल्या वस्तीचं गाव. पाटीवर वर डच नाव, खाली बिल्टी: सिंट याबिक. फ्रिजियनमध्येही याबिकच. इतकं लांबलचक नाव रोज कोण घेणार, म्हणून गावात सगळे नुसतं ‘याबिक’ म्हणतात.

पण गाव वसलं तेव्हा या दोन्ही नावांचा पत्ता नव्हता. तेव्हा त्याचं नाव होतं वेइनखार्डेन, म्हणजे द्राक्षमळा. या खाऱ्या वाऱ्यात द्राक्षं कुठून येणार? नाव आलं ते माणसांबरोबर. फ्रिसलंडवर त्या काळी सॅक्सनीच्या ड्यूकची सत्ता होती. 1498 साली पुढे सम्राट झालेल्या माक्सिमिलियनने ड्यूक आल्ब्रेख्टला इथला कारभारी नेमलं. त्याच्या पश्चात मुलगा जॉर्ज. नुसत्या गाळाला हात लावायला पैसा लागतो, म्हणून ड्यूक जॉर्जने ही खाजण जमीन हॉलंडच्या काही श्रीमंत सरदारांना करारावर दिली. त्यात वेइनखार्डेन घराण्यातली मंडळी होती. हे घराणं आमच्या डॉर्ड्रेख्टशी जोडलेलं. त्यातलाच फ्लोरिस ऊम हा डॉर्ड्रेख्ट शहराचा कायदेशीर सल्लागार होता. बांध घालायला माणसंही तिकडूनच आणली, कारण पाण्याशी झुंजायची सवय त्यांच्या हाडात होती. डॉर्ड्रेख्टभोवतीचा केवढा तरी मुलूख 1421 च्या सिंट एलिझाबेथ पुरात गेला होता.

शेजारच्या दोन वस्त्यांचीही नावं अशीच बाहेरून आली. आजचं सिंट आनापारोखी तेव्हा आल्टुना होतं आणि आजचं फ्राउवेनपारोखी होतं केइफहूक. हे दुसरं नाव ऐकल्यावर निखिल आणि मी एकमेकांकडे बघायला लागलो. केइफहूक आमच्या घरापासून सायकलवर जाता येईल इतकं जवळ आहे. रॉटरडॅमला जाताना ट्रेनच्या खिडकीतून रोज दिसतं: मालगाड्यांचे डबे जोडायचं-तोडायचं देशातलं सगळ्यात मोठं यार्ड. नावाचा अर्थ भांडणाचा कोपरा. ज्यांनी हे नाव उचलून इतक्या लांब नेलं, ते घरची आठवण काढत होते की भांडणाची, कुणास ठाऊक.

गावात चर्च उभं राहिलं की त्याला एक संत लागतो. वेइनखार्डेनच्या वाट्याला संत याकोब आला, आल्टुनाच्या वाट्याला संत आना आणि केइफहूकच्या वाट्याला साक्षात मेरीमाता, म्हणून ‘फ्राउवेन’पारोखी. ‘पारोखी’ म्हणजे चर्चचा परिसर, तिथली रयत. हळूहळू लोक वस्तीऐवजी चर्चचं नाव घ्यायला लागले आणि मूळ नावं कागदात राहिली. त्याचा हुकूम कुणी काढला नाही. तेवढ्यात मालकही बदलला. 1515 मध्ये ड्यूक जॉर्जने आपला फ्रिसलंडवरचा हक्क एक लाख गिल्डरना पुढे सम्राट झालेल्या पाचव्या चार्ल्सला विकून टाकला.

‘‘गावांसकट?’’ बाबांनी विचारलं.

‘‘गावांसकट.’’

‘‘खरेदीखत असेल कुठेतरी.’’

खरी गंमत त्याच्या पुढे आहे. 1580 मध्ये फ्रिसलंडात धर्मसुधारणावाद्यांची सत्ता आली. कॅथलिक उपासनेवर बंदी आली, मूर्ती गेल्या, संतांची पूजा गेली. संत मानायचे नाहीत असं ठरवलेले लोक पुढची चारशे वर्षं पत्त्यात मात्र संत याकोब आणि संत आना लिहीत राहिले. मेरीमातेच्या गावात मेरीमातेला नवस बोलायची सोय उरली नाही, पण गाव तिच्याच नावावर. मला तरी हे फार आवडलं. देव बदलणं एकवेळ सोपं, पण शेजारच्या गावाला जायचा रस्ता विचारताना जे नाव तोंडात बसलंय ते बदलत नाही.

आणि मग याकोब परतला, तेही प्रोटेस्टंट गावात. गावातल्या मोठ्या चर्चला ग्रोआते केर्क म्हणतात. हे मूळचं चर्च नव्हे, एकोणिसाव्या शतकातली इमारत. दर्शनी भागाला खांब आहेत, त्यामुळे लांबून एखाद्या सरकारी कचेरीसारखी दिसते. आता तिथे कार्यक्रम होतात आणि तिथूनच ‘याबिक्सपाद’ सुरू होतो. स्पेनमधल्या सांतियागोला संत याकोबाची समाधी आहे असं मानतात, तिकडे चालत जाणाऱ्यांची ही उत्तरेकडची सुरुवात. फ्रिसलंड ओलांडून हासेल्ट गावापर्यंत सुमारे 130 किलोमीटर, दोन वाटांपैकी कुठलीही घ्यावी. पुढे दुसऱ्या वाटांना जोडून घेत थेट स्पेन. खूण शिंपल्याची.

चर्चमध्ये बसलेल्या स्वयंसेवक आजोबांनी आम्हाला यात्रेकरू समजून शिक्का पुढे केला. बाबांनी वारीबद्दल सांगायला घेतलं. आमच्याकडेही लोक संतांच्या नावाने चालत निघतात, लाखोंनी, भर पावसात, आणि मुक्कामाची गावं त्यांना जेवू घालतात. आजोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘वाटेत कॉफी मिळते का?’’ बाबांच्या मते हा प्रश्न चालणाऱ्या माणसाचाच होता. शिक्का त्यांनी शेवटी आपल्या डायरीत मारून घेतला.

*जाणाऱ्यांसाठी थोडं :* लीउवार्डनहून बस आहे, पण शनिवार-रविवारी फेऱ्या कमी असतात. वेळा आधी बघून निघा. चर्च रोज उघडं नसतं, तेही बघून जा. सायकलने फिरत असाल तर आधी वाऱ्याविरुद्ध जा, येताना तोच पाठीवर घ्या. आम्ही उलटं केलं, त्यामुळे परतीच्या वाटेवर कुणी कुणाशी बोलत नव्हतं. शाकाहारी असाल तर वाटाण्याचं घट्ट सूप निमूटपणे मागवू नका, त्यात डुकराचं सॉसेज असतं. चीज-टोस्ट सगळीकडे मिळतो. लवंग आणि जिरं घातलेलं फ्रिजियन चीज मात्र शोधून खा. बाबांनी घरी न्यायला घेतलेलं हे एकमेव खाद्य.

जेवून झ्वार्ते हानला गेलो. ‘काळा कोंबडा’ हे ठिकाण म्हणजे समुद्रबांधाच्या पायथ्याशी एक खानावळ, थोडी घरं आणि संपलेला रस्ता. पूर्वी इथून आमेलांड बेटावर होड्या जायच्या. बांधावर चढलो तर पलीकडे समुद्र नव्हताच, नुसता चिखल. ओहोटी होती. क्षितिजापर्यंत राखाडी, चकचकीत, आणि त्यात पाणपक्ष्यांचे थवे. हा वाडन समुद्र 2009 पासून जागतिक वारसा आहे, आणि दिवसातून दोनदा तो असा उघडा पडतो.

बांधावर एका चिखल-मजुराचा पुतळा आहे. हातात फावडं, वाकलेला. 1930 च्या मंदीत बेकारांना इथे चर खणायच्या कामाला लावलं होतं. काड्या-कुडांचे बंधारे घालायचे, त्यात गाळ अडकवायचा, चर खणून तो निथळू द्यायचा आणि हळूहळू जमीन वर आणायची. गुडघाभर चिखल, उघडं वारं, तुटपुंजी मजुरी. बाबांनी 1972 च्या दुष्काळातली रोजगार हमीची कामं मोजली होती. पाझर तलाव, खडी, मस्टर. पुतळ्यापाशी ते त्याबद्दल बोलत राहिले. मी ही आठवण त्यांच्याकडून आधी कधी ऐकली नव्हती.

तेवढ्यात पश्चिमेकडून पाऊस आला. येताना दिसत होता, पडद्यासारखा सरकत. तरी पळायला वेळ मिळाला नाही. खानावळीत शिरलो तेव्हा तिघेही निथळत होतो. गरम मोहरीचं सूप घेतलं (मांस नाही ना, हे दोनदा विचारून) आणि बसलो. जूनमध्ये इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाई नव्हती.

रात्री शेतघरात बाबांनी डायरी काढली. त्यांची डायरी म्हणजे दफ्तरच असतं. वरच्या ओळीत लिहिलं: ‘मौजे वेइनखार्डेन उर्फ सिंट याकोबीपारोखी उर्फ सिंट याबिक, पेटा बिल्ट.’ मग मला विचारलं, तालुका कोणता लिहायचा? इथेही बदल झालेला होताच. बिल्टची स्वतःची नगरपालिका 2018 मध्ये संपली आणि शेजारच्यांबरोबर वाडहुके नावाच्या नव्या नगरपालिकेत गेली, कचेरी फ्रानेकरला. काकूंना ते अजून पटलेलं नाही. ‘‘पत्रावर गावाचं नाव तेच आहे, म्हणून चाललंय,’’ असं त्या म्हणाल्या.

रविवार : सिंट आना आणि फ्राउब्यूर्त

सकाळी सगळं बंद. फ्रिसलंडच्या खेड्यात रविवारी दूध संपलं तर शेजारणीकडे जायचं, दुकानाकडे नाही.

सिंट आनापारोखी हे तिन्हींत मोठं गाव. इथली प्रसिद्ध गोष्ट रेम्ब्राँटची. 22 जून 1634 रोजी त्याचं साश्किया फान अउलेनबुर्खशी इथे लग्न लागलं. साश्किया लीउवार्डनच्या महापौरांची मुलगी. आई-वडील लवकर गेले, म्हणून ती बहीण हिस्क्येकडे राहायला आली. हिस्क्येचा नवरा बिल्टचा सचिव होता. म्हणजे जगातला एक थोर चित्रकार साडूच्या नोकरीमुळे या बटाट्याच्या शेतांत बोहल्यावर चढला. लग्न लागलं ते चर्च आता नाही. त्याच जागी 1682 मध्ये फान हारेन यांनी बांधवलेलं अष्टकोनी चर्च आहे, विटांचं, नीटस. प्रार्थना चालू होती, म्हणून आम्ही बाहेरूनच बघितलं. आतून ऑर्गनचा आवाज येत होता.

लग्नाच्या आदल्या वर्षी, साखरपुड्यानंतर तिसऱ्याच दिवशी रेम्ब्राँटने तिचं चांदीच्या टोकाने काढलेलं एक छोटं चित्र बर्लिनला आहे. रुंद कडेची गवती टोपी, हातात फूल, चेहऱ्यावर किंचित हसू. मी फोनवर बाबांना दाखवलं. ते म्हणाले, उन्हातान्हात शेतावर जाणारी मुलगी दिसतेय. 1642 मध्ये, तिशीच्या आतच ती गेली.

शनिवारी संध्याकाळी इथल्या बेकरीत बंद व्हायच्या आधी धावत जाऊन ओरान्येकुक घेतला होता, तो चर्चसमोरच्या बाकावर बसून खाल्ला. गुलाबी साखरेचा थर, आत बदामाचं सारण, बडीशेपेचा आणि संत्र्याच्या सालीचा वास. फ्रिसलंडात लग्न-समारंभाला हा लागतोच. निखिलचा तुकडा सगळ्यात मोठा होता, याची नोंद असावी.

आल्टुना हे जुनं नाव इथून पुरतं गेलेलं नाही. उत्तरेला नेइ आल्टुना, म्हणजे नवं आल्टुना, नावाचं गाव आहे. तिथे एका बाईंना विचारलं की जुनं आल्टुना कुठे. त्यांनी हाताने सिंट आनाकडे बोट केलं, मग विचार करून शेतांकडे, मग हसून हात खाली केला.

शेवटी फ्राउवेनपारोखी, बिल्टीत फ्राउब्यूर्त. लहानसं, टुमदार, एका दमात संपणारं गाव. केइफहूक हे नाव मी शोधलं, दिसलं नाही. एक आजी कुंपणाची पानं कापत होत्या. मी त्यांना सांगितलं की आम्ही खऱ्या केइफहूकजवळ राहतो. त्यांनी कात्री बाजूला ठेवली आणि विचारलं, ‘‘तिकडे अजून भांडतात का?’’ निखिलने रेल्वे यार्डाचा आवाज काढून दाखवला. मग आजींनी आत बोलावून कॉफी दिली, बरोबर दूमके, म्हणजे अंगठ्याएवढी, बडीशेप आणि हेझलनट घातलेली कडक बिस्किटं. डब्याचं झाकण एकदाच उघडतात असं डच लोकांबद्दल म्हणतात. आजींनी तीनदा उघडलं. त्या हॉलंडहून आलेल्यांच्या वंशातल्या की फ्रिजियन, असं मी विचारल्यावर त्यांनी सरळ ‘बिल्टकर’ म्हणून उत्तर दिलं.

पुढचा शनिवार : मूळ वेइनखार्डेन

बाबांना चैन पडेना. ‘‘मूळ गट न बघता फेरफार कसा लावायचा?’’ मग आम्ही डॉर्ड्रेख्टहून वॉटरबसने पापेनड्रेख्टला उतरून सायकलने वेइनखार्डेनला गेलो. हे आल्ब्लासरवार्ड भागातलं लहान गाव, आता मोलेनलांडेन नगरपालिकेत. तिचं हे नावही 2019 चं, म्हणजे इकडेही विलीनीकरणाची हवा लागलीच आहे. एकाच रस्त्यालगत रांगेने घरं, मागे गायरानं, द्राक्षाचा एक वेलही नाही.

बाबा पुलावर उभे राहून बराच वेळ शेतं बघत होते. इथली शेतं अरुंद आणि लांबच लांब, मध्ये पाण्याने भरलेले चर. मध्ययुगात दलदल अशीच पट्ट्यापट्ट्यांनी तोडून दिली होती. माती काळी, कुजट, पाय रुतणारी. नांगर नाही, नुसत्या गाई.

‘‘इथे चर फार झालेत,’’ बाबा म्हणाले. ‘‘निम्मी जमीन पाण्यात. तिकडे गेल्यावर त्यांनी आधी शेतं रुंद केली असणार. बरोबर केलं.’’

एक शेतकरी क्वाडबाइकवरून येत होता, तो आम्हाला बघून थांबला. मी त्याला सांगितलं की तुमच्या गावाच्या नावाचं एक गाव फ्रिसलंडमध्ये होतं, तुमच्याच भागातल्या लोकांनी वसवलेलं, आता त्याला संत याकोबाचं नाव आहे. त्याने हेल्मेट काढलं.

‘‘कधी गेले ते लोक?’’

‘‘1505 साली.’’

‘‘आणि परत आले नाहीत?’’

बाबांना मी भाषांतर करून सांगितलं. त्यांनी लगेच त्याला तिकडच्या मातीबद्दल सांगायला घेतलं: भारी चिकणमाती, निचरा चांगला, बेण्याचा बटाटा, माव्याचा त्रास नाही. शेतकरी ऐकत होता, मधूनच आपल्या पाण्याने तुडुंब चराकडे बघत होता. मग त्याने विचारलं की तिकडे एकराला भाव काय चाललाय.